एक पट्टी खाली

पियानो उचलायला सहा माणसं लागतात, असं ज्यांनी जन्मात कधी पियानो उचलला नाही ते लोक सांगतात. आमच्याकडे दोनच होती. आधी दादा आणि मी, आणि दादा गेल्यावर वहिनी आणि मी. एक चाकांची फळी, गाडीला लावायची एक उतरती फळी, दोन जाड पट्टे आणि माझी कंबर. वहिनी खालून ओरडायच्या, "भावजी, डावीकडे! अहो डावीकडे! तुमचं डावं काय वेगळं असतं का?" असं करत ते काळं धूड आम्ही नऊ शाळांमध्ये फिरवायचो, प्रत्येक शाळेत महिन्यातून एकदा. बावीस वर्षं.

वहिनी वाजवायच्या आणि मी पियानो सुरात लावायचो. माझा पोटापाण्याचा धंदा लाकडाला पॉलिश मारण्याचा, पण तारा लावायला मी तरुणपणी एका म्हाताऱ्याकडून शिकलो होतो. त्यानं मरताना मला त्याची खुंट्या पिळायची चावी आणि नादकाटा दिला. नादकाटा म्हणजे दोन टोकांचा लोखंडी चिमटा. गुडघ्यावर आपटून कानाशी धरला की तो एकच सूर देतो, जगात सगळीकडे तोच. त्या सुराला पियानोची एक तार जुळवायची आणि मग तिच्या आधारानं बाकीच्या दोनशेवीस. कामाचं मूळ एवढंच आहे.

वहिनींची गोष्ट त्या स्वतःच सांगायच्या, तीही कांदा चिरता चिरता, म्हणजे डोळ्यांत पाणी आलं तरी कुणी विचारायला नको. त्या संगीत विद्यालयात अकरा वर्षं शिकल्या. शेवटच्या वर्षी त्यांच्या गुरूंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तुला बोटं आहेत. कान नाही." कान म्हणजे तो, नुसता सूर ऐकून ही कुठली पट्टी ते सांगणारा. तो शिकवून येत नाही. लहानपणी आला तर आला, नाहीतर नाही. वहिनींना तो नव्हता. मंच मिळाला नाही. मिळाला आमचा दादा, जो फर्निचरच्या दुकानाची गाडी चालवायचा आणि जेवताना ताटावर बोटं वाजवायचा. एक हॉटेल बंद पडलं, तिथला पियानो कुणी नेईना, तो दादानं बायकोला आणून दिला. वहिनी म्हणाल्या, "घरात ठेवून मी एकटी काय करू? शाळांत नेऊ. एवढ्या पोरांत एखादं तरी असेल, ज्याला कान आहे. एक मिळालं तरी माझं भरून पावलं."

एक. त्यांनी एकच मागितलं होतं, हे लक्षात ठेवा.

शाळेत आमचं स्वागत काय विचारता! कधी व्यायामाच्या हॉलमध्ये रबराच्या चटयांच्या वासात, कधी जेवणघरात, जिथे मागे भांडी आदळत असायची. पोरं विचारायची, "यात ब्लूटूथ आहे का?" एकानं विचारलं होतं, "हा चार्ज किती वेळात होतो?" वहिनी कधी चिडल्या नाहीत. थोरामोठ्यांची चरित्रंही सांगायच्या नाहीत. पोरांना पियानोच्या भोवती बोलवायच्या, सगळ्यांचे तळवे त्या लाकडावर ठेवायला लावायच्या आणि सगळ्यांत खालची पट्टी दाबायच्या. तळव्यातून कोपरापर्यंत मुंग्या जायच्या. पोरं किंचाळायची, हसायची आणि मग गप्प व्हायची. मग वहिनी पुढची फळी काढून आतल्या हातोड्या दाखवत वाजवायला लागायच्या. त्या वेळी त्यांच्याकडे बघत राहावंसं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

दादा गेला त्याच्या पुढच्या वर्षी एका शाळेत वाजवता वाजवता तार तुटली. पुढची फळी काढलेली, आणि तार चाबकासारखी बाहेर आली. वहिनींच्या भुवईवर चार टाके पडले. पहिल्या रांगेतल्या पोरांच्या तोंडावरून ती वीतभर अंतरानं गेली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर माझ्या शाळेत हे यंत्र नको." आणि त्या बाईंचं काय चुकलं?

तारा म्हाताऱ्या झाल्या होत्या. गाडीतले धक्के, शाळांची ओल, गंज. त्या मापाच्या तारा करणारं कुणी उरलं नव्हतं. ताण कमी करणं एवढाच उपाय होता, म्हणजे अख्खा पियानो थोडा खाली उतरवायचा. सगळ्या तारा सारख्याच उतरवल्या तर आपसात सूर जुळलेलाच राहतो, ऐकणाऱ्याला काही खटकत नाही. त्या वर्षी थोडा उतरवला. पुढच्या वर्षी आणखी एक तार तुटली, नशीब की घरातच, तेव्हा आणखी उतरवला. तीन वर्षांत तो बरोबर एक पट्टी खाली आला, म्हणजे प्रत्येक पट्टी तिच्या खालच्या शेजारणीचा सूर द्यायला लागली, आणि तिथे थांबला. त्यानंतर एकही तार तुटली नाही.

वहिनींना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी गाडी बंद केली असती. फार कडक होत्या त्या बाबतीत. "मुलांना दाखवायचं तर खरं दाखवायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांना तो कान नव्हताच, दुसरा पियानो त्यांच्या हाताखाली कधी यायचा नाही, आणि सूर इतका हळू उतरला की त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. व्हायोलिनवाले एक काका कधीमधी आमच्याबरोबर यायचे. ते आपलं व्हायोलिन आमच्या पियानोला जुळवून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुमचा पियानो अंमळ पेंगुळलेला आहे हो." आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच हसायचो.

आणि दर कार्यक्रमाच्या सकाळी शाळेत, वहिनी समोर उभ्या असताना, मी काटा गुडघ्यावर आपटायचो, कानाशी धरायचो, मान हलवायचो आणि तार लावायचो भलत्याच ठिकाणी. पहिल्यापासून शेवटपर्यंत चौदा वर्षं हे नाटक केलं. मनाशी म्हणायचो, पोरांना काय कळतंय! चार्जिंग विचारणारी ही पोरं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यातल्या दहाव्या वर्षी ती मुलगी आली. शाळेत तिला सगळे घुमी म्हणायचे, कारण ती बोलतच नसे. सहा वर्षांची, पहिलीतली. तिची आई लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर काम करायची. वहिनींचं वाजवून झालं, मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं पळाली. ही तिथेच. पुढे आली, एक बोट उचललं आणि एक पट्टी दाबली. "घंटा," म्हणाली. घंटेचाच सूर होता तो.

वहिनींनी तिला पाठमोरी उभी केली आणि एक पट्टी दाबली. मुलगी वळली, तीच पट्टी दाबली. दुसरी. तीच. वहिनींनी दहा बोटं एकदम आपटली, आणि त्या पोरीनं एकेक करत दहाच्या दहा शोधून दिल्या. वहिनी तिथेच खाली बसल्या, फरशीवर. "भावजी," म्हणाल्या, "मिळाली." देवाशपथ, त्या क्षणी मला नुसता आनंद झाला होता. माझ्याच हातानं उतरवलेल्या सुरावर ही पोर घडणार आहे, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

चार वर्षं ती दर शनिवारी आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत यायची, पियानो तिथेच असायचा. आई दाराशी चपला काढून अवघडून बसायची. तिच्या हातांवर वाफेचे चट्टे होते. वहिनी म्हणायच्या, "अहो, खुर्चीवर बसा ना," तर म्हणायची, "नको बाई, बरं आहे." घुमी आमच्या घरात बोलायला लागली, पण सगळं पट्ट्यांत. आमची किटली पांढरी सहा. आमच्या दाराची बिजागरी काळी दोन. माझं शिंकणं कुठली पट्टी म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काका, तुमचं बेसूर आहे." वहिनी हसून हसून लोळल्या. इतकं हसताना मी त्यांना दादा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

ती साडेनऊची होत आली तेव्हा एकदा आईच्या फोनवर तिनं एक ध्वनिमुद्रण ऐकलं. ती स्वतः वाजवायची तोच तुकडा, कुण्या मोठ्या वादकाचा. ऐकून म्हणाली, "बाई, हा एक पट्टी वरून वाजवतोय."

मी तेव्हा पियानोच्या मागे वाकून एक खुंटी बघत होतो. हातातली चावी हातातच राहिली. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, सहज, जाणकार म्हणून. आणि मी म्हणालो, "फोनमध्ये होतं तसं. वेग वाढतो, सूर चढतो."

तेव्हा बोलायला हवं होतं. त्याच क्षणी. तिला संगीत विद्यालयात घालायचं ठरलं होतं, प्रवेशाच्या परीक्षेला पाच महिने होते, पाच महिन्यांत काही झालं असतं. पण मी स्वतःला समजावलं की लहान पोर आहे, नव्या पियानोवर दोन दिवसांत कान बसेल. खरं म्हणजे मी भ्यालो. वहिनींच्या तोंडाकडे बघायला भ्यालो.

त्या विद्यालयात दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत घेतात. एकदाच. परीक्षेचे दोन भाग. पहिला कानाचा. आत कुणीतरी पियानोवर तीस सूर वाजवतं आणि मुलांनी कागदावर पट्ट्या लिहायच्या. दुसरा वाजवण्याचा. आम्ही सगळे गेलो होतो. लांब कॉरिडॉर, गुळगुळीत बाकं, आणि नव्या फ्रॉकमध्ये आखडून बसलेली घुमी. तिच्या आईनं तो फ्रॉक इतका कडक इस्त्री केला होता की बसताना त्याचा आवाज व्हायचा. आत जाताना वहिनी तिला म्हणाल्या, "घाबरायचं नाही. कानाला येईल ते लिही. तुझा कान चुकत नाही."

वाजवायच्या वेळी दाराबाहेरून आम्हाला ऐकू आलं. आठ मात्रा. मग थांबली. पुन्हा पहिल्यापासून, पाच मात्रा. मग एकच पट्टी, पुन्हा पुन्हा तीच, टक टक टक, कुणी दार वाजवावं तशी. मग काहीच नाही. बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. आईचा पदर धरला आणि म्हणाली, "तिथला पियानो खोटं बोलतो."

निकाल नापास. वहिनींनी अर्ज करून उत्तरपत्रिकेची नक्कल मागवली आणि आमच्या टेबलावर ठेवली. तीस उत्तरं, तीस फुल्या. शेजारी लाल शाईत बरोबर उत्तरं. वहिनी म्हणाल्या, "तिसातलं एक नाही हो. आंधळ्यानं लिहिलं असतं तरी दोन-तीन आली असती." मग म्हणाल्या, "म्हणजे तिला कान नव्हताच. मलाच हवा होता म्हणून मला दिसत होता. मी एका लेकराचं वाटोळं केलं, भावजी, माझ्या हौसेपायी."

मी कागद वाचत होतो. वाजवली पांढरी दोन, पोरीनं लिहिली काळी दोन. वाजवली पांढरी चार, लिहिली काळी तीन. वाजवली काळी चार, लिहिली पांढरी सहा. प्रत्येक उत्तर बरोबर एक पट्टी वर. आमच्या पियानोवर ते सूर तिथेच होते. त्या पोरीनं तीसपैकी तीस बरोबर लिहिले होते.

त्या कागदाच्या तळाशी छापलं होतं, तक्रार असल्यास सात दिवसांत.

मी नऊ दिवस बोललो नाही. जेवलो, कामाला गेलो, एका दरवाजाला तीन हात पॉलिश मारलं. वहिनींनी शाळांना फोन करून त्या महिन्याचे कार्यक्रम रद्द केले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आमच्या हिनं माझ्याकडे बघून ओळखलं. खाई त्याला खवखवे. नवव्या दिवशी तिनं माझं ताट पुढून ओढून घेतलं आणि म्हणाली, "आधी बोला, मग जेवा." तिला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहिलं का? पण तुम्ही त्या पोरीचं उजाडायचंच ठेवलं नाहीत. उद्या सकाळी तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

सकाळी खाली गेलो. वहिनी पियानोवरची धूळ पुसत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तार, टाके, तीन वर्षं, काटा, फोन. कागदही दाखवला, एकेक उत्तर बोट ठेवून.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुढे केला. मी काटा दिला. त्यांनी तो गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला आणि दुसऱ्या हातानं पट्टी दाबली. मग शेजारची. पुन्हा काटा, पुन्हा पहिली पट्टी. सात-आठ वेळा. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे ती खरंच होती."

"हो वहिनी."

"ती आली होती. माझ्याकडेच आली होती."

मी पाय धरायला वाकलो, त्या मागे सरकल्या. त्यांनी विद्यालयात फोन केला. मुदत संपली होती. तरी त्या स्वतः जाऊन भेटल्या, तो कागद तिथल्या सरांना दाखवला. सर भले होते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि डोक्याला हात लावला. म्हणाले, "बाई, सात दिवसांत आला असतात तर मी भांडलो असतो. आता जागा भरल्या, आणि पुढच्या महिन्यात तिला दहा पूर्ण होतायत."

परत येऊन वहिनी मला म्हणाल्या, "पियानो वर चढवा. जिथे असायला हवा तिथे."

"तारा तुटतील, वहिनी."

"तुटू देत. तिला निदान एवढं कळू दे की ती चुकली नव्हती. खऱ्या सुरावर तिला मी स्वतः बसवीन. वर्ष लागो, दोन लागोत."

चार दिवस लागले. रोज थोडं थोडं, तारांना विसावा देत. अकरा तारा तुटल्या. जाड कापडाचे हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून मी बसायचो, आणि तार सुटली की त्या खोलीत बंदुकीसारखा आवाज व्हायचा. वहिनी शेजारच्या खोलीत बसून मोजत होत्या. एकदाही आत आल्या नाहीत. पाचव्या दिवशी मी काटा आपटला, पट्टी दाबली आणि दोन्हीचा सूर एक झाला. चौदा वर्षांत पहिल्यांदा तो पियानो खरं बोलत होता. पुढची फळी मी स्क्रू मारून बंद केली.

घुमीच्याच शाळेत गेलो. वहिनींनी वर्गबाईंना सांगून तिला एकटीला हॉलमध्ये बोलावलं होतं, तिची आईही लाँड्रीतून सुट्टी काढून आलेली. वहिनी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "तू चुकली नव्हतीस, बाळ. तुझं सगळं बरोबर होतं. आपला पियानो खाली उतरलेला होता. आता काकांनी तो नीट केलाय. ऐक."

आणि त्यांनी तिचा आवडता तुकडा सुरू केला. फार छान वाजवला. गेल्या दहा वर्षांत इतका छान वाजवला नसेल.

घुमी दुसऱ्या ओळीलाच उठली. तिनं दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले होते. आई म्हणाली, "अगं, बाई वाजवतायत ना." ती भिंतीपर्यंत मागे गेली. वहिनींची बोटं थांबली.

"हापण बिघडला," ती म्हणाली.

"नाही गं राणी, आता तो—"

"हापण बिघडला, बाई! हा एकच चांगला होता!" आणि मग ती रडली. परीक्षेच्या दिवशी रडली नव्हती, ते सगळं तेव्हा आलं. वहिनी स्टुलावर बसून राहिल्या, हात मांडीवर ठेवून. त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं आणि मला कळलं की दोन वर्षांचं सोडा, आता पुढचा शनिवारसुद्धा नाही.

घंटा झाली. घुमीनं डोळे पुसले आणि सवयीनं येऊन घंटेची पट्टी दाबली. ती आता घंटेची नव्हती. शेजारची दाबून बघितली. मग माझ्याकडे आली, माझ्या शर्टाचं टोक धरलं आणि वर बघून म्हणाली, "काका, तुम्हाला येतं ना नीट करता? होता तसा करा ना."

त्या तारा आता उतरवल्या असत्या तर पुन्हा कधी वर चढवता आल्या नसत्या. आणि उतरवून देणं म्हणजे पुन्हा तेच करणं होतं. तिची आई माझ्याकडे बघत होती. वहिनी बघत नव्हत्या.

"करतो हं," मी म्हणालो, आणि खिशातून काटा काढून गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला आणि मान हलवली.